स्वतःच्याच नोट्स विकत घेणारे कर्डिले सर

आमचे कर्डिले सर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन स्वतःच्याच नोट्स विकत घ्यायचे, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, कुंदाताई रंगवून सांगतायत. रंगवायची मला सवय आहे, नाही म्हणत नाही. पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्र्याण्णव सालची गोष्ट. मी नाशिकला इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते आणि कॉलेजच्या फाटकासमोर जाधवांचं झेरॉक्सचं दुकान होतं. सर लुना स्टँडला लावून आत आले, मी मागच्या बाकड्यावर कागदांची वाट बघत बसले होते.

"जाधव, एम.ए. पार्ट टू, कादंबरीचा पेपर. कर्डिलेंच्या नोट्स आहेत का?"

"आहेत ना सर. किती देऊ?"

"किती काढून ठेवल्यात?"

"बारा सेट आहेत."

"बाराही द्या. आणि ती मूळ प्रत पण द्या."

"तेवढं सांगू नका सर," जाधव हात जोडून म्हणाले. "मूळ प्रत दिली तर मी काय भजी तळू?"

सरांनी बारा सेट पिशवीत घातले आणि गेले. लुना कोपऱ्यावर वळते न वळते तोच जाधवांनी ड्रॉवर उघडून मूळ प्रत काढली आणि मशीन चालू केलं. त्या महिन्यात असं तिसऱ्यांदा झालं होतं म्हणे. सरांच्या घरी गेलं की काकू शेंगदाण्याचे लाडू बांधून द्यायच्या, तेही याच कागदांत. लाडू खाऊन झाला की आम्ही कागद उलगडून बघायचो, परीक्षेला येण्यासारखं पान आहे का.

सर मूळचे घोटीकडचे. घरची भातशेती. त्यांच्या गावातून इंग्रजीत एम.ए. झालेले ते पहिले, आणि बहुतेक बरीच वर्षं शेवटचेही. अंगानं काटकुळे, शर्ट कायम पँटच्या बाहेर, तोंडात लवंग. इंग्रजी बोलताना घोटीचा हेल जायचा नाही आणि त्यांनी तो घालवायचा प्रयत्नही केला नाही. वर्गात आले की मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवायचे. मग खुर्चीत बसून चपला काढायचे आणि अनवाणी पायांनी पुस्तक वाचून दाखवायला लागायचे. एकदा आमच्यातल्या एकानं धीर करून विचारलं, सर, चपला का काढता? तर म्हणाले, "अहो, भाताच्या खाचरात चपला घालून कुणी उतरतं का? रुतायला पाहिजे पाय. बांधावरून वाचणारे तुम्ही आहातच की."

आम्ही अकरा जण होतो वर्गात, आणि अकराही बांधावरचेच. आम्हाला पंचावन्न टक्के हवे होते. पंचावन्न पडले तर लेक्चररशिपला अर्ज करता यायचा, चोपन्न पडले की कपाळाला हात. त्यामुळे सर वाचता वाचता मध्येच थांबून "काय वाटलं?" असं विचारायचे तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघायचो. वाटणं सिलॅबसमध्ये नव्हतं.

"खैरनार, तुम्ही सांगा. काय वाटलं?"

सर विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करायचे आणि आडनावानं हाक मारायचे. खैरनार म्हणजे मी.

"सर, परीक्षेच्या दृष्टीनं?"

"नाही हो. खैरनारांच्या दृष्टीनं."

बाई गं, खैरनारांना दृष्टी असते हेच मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सर रागवायचे नाहीत. लवंग एका गालातून दुसऱ्या गालात जायची आणि ते पुढचं पान उलटायचे. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला टाकून बोललेलं मी ऐकलं नाही. एकानं तर तोंडावर सांगितलं होतं, "सर, कादंबरी नाही वाचली, तुमच्या नोट्स वाचल्या." सर खरोखरच वाईट वाटून म्हणाले, "मग तुम्ही मला वाचलंत. मी काही वाचण्यासारखा माणूस नाही हो."

तर त्या नोट्स. सर सत्तावीस वर्षांचे असताना, नव्यानं नोकरीला लागले तेव्हा, त्यांनी एम.ए.च्या वर्गाला त्या कादंबरीवर बत्तीस पानं डिक्टेट केली होती. कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही ती वाचलीय का नाही यावर बोलत बसाल आणि माझे सर राहतील बाजूला. त्यात एक बाई आहे. नवऱ्याचं घर सोडून माहेरी येते. माहेर तिला समजावून परत पाठवतं आणि पुढे तिचे हाल होतात. सरांच्या नोट्समध्ये तिच्याबद्दल एक वाक्य होतं. मूळ इंग्रजीत, पण अर्थ असा: तिच्या नाशाला दुसरं कुणी नाही, ती स्वतःच जबाबदार आहे. असं ठासून लिहिलं होतं की वाचणाऱ्यानं मान डोलवावी. विद्यार्थ्यांनी डोलवली. वीस-बावीस वर्षं नाशिकपासून धुळ्यापर्यंतचे विद्यार्थी ते वाक्य परीक्षेत उतरवत आले आणि पास होत आले.

सरांचं मत मात्र बदललं होतं. दर वर्षी ती कादंबरी शिकवायला घेतली की पहिल्याच तासाला सांगायचे, "ते वाक्य लिहू नका. ते चुकीचं आहे. मी चुकीचा होतो." आम्ही हे वहीत लिहून घ्यायचो. मग तास संपून बाहेर आलो की वर्गाचा ठराव व्हायचा: सर काहीही म्हणोत, सरांच्या नोट्समध्ये जे आहे तेच लिहायचं. पेपर तपासणारे तरी कोण? तेही ह्याच नोट्सवर पास झालेले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

पण एक गोष्ट सरांच्या बाजूनं होती. ती मूळ प्रत आता मूळ राहिली नव्हती. कुणाच्या तरी वहीची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, पुन्हा तिची झेरॉक्स, असं करत अक्षरं इतकी पुसट झाली होती की काही पानांवर नुसत्या मुंग्या चालल्यासारखं दिसायचं. सर एकदा वर्गात ते पान खिडकीकडे धरून बघत होते आणि चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका. "अजून दोन वर्षं," म्हणाले. "दोन वर्षांनी जाधवांकडे कोरे कागद मिळतील. मग तरी तुम्हाला कादंबरी वाचावी लागेल." आम्ही हसलो. मला वाटलं सर गंमत करतायत. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. मला एप्रिल दिसत होता.

आणि इथे मी माझं शहाणपण पाजळलं. माझं अक्षर चांगलं होतं. चांगलं म्हणजे, शाळेत असताना हस्ताक्षराची बक्षिसं, गल्लीतल्या लग्नपत्रिकांची पाकिटं, सगळं माझ्याकडे. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती बत्तीस पुसट पानं घेऊन बसले. फुलस्केप कागद, काळी शाई. जिथे शब्द दिसत नव्हता तिथे आगापिछा बघून भरला. आई चकल्यांची ताटली आणून ठेवायची आणि शेजारच्या काकूंना अभिमानानं सांगायची, कुंदा अभ्यास करतेय. सहा दिवसांत नवी कोरी प्रत तयार झाली. ते वाक्य एका पानाच्या शेवटी आलं होतं. त्याच्याखाली मी पट्टी ठेवून रेघ मारली, महत्त्वाचं म्हणून. सुट्टी संपल्यावर प्रत जाधवांना नेऊन दिली. जाधव म्हणाले, "ताई, आता वीस वर्षं बघायला नको." वर्गानं मला चहा पाजला. मी चार दिवस नुसती तरंगत होते.

जानेवारीत सर वर्गात आले तेव्हा हातात एक सेट होता. नवा, ठसठशीत. त्यांनी घड्याळ काढलं नाही, चपला काढल्या नाहीत. उभ्यानंच विचारलं, "हे अक्षर कुणाचं आहे?"

दहा माना खाली गेल्या. दहाही जणांना ठाऊक होतं. मी वर पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद होता, जानेवारीत कोण लावतंय, तरी बघत बसले. उठून उभं राहायला काय लागत होतं? 'सर, माझं' एवढे दोनच शब्द. पण माझ्या डोक्यात इंटर्नल मार्क होते, आणि त्याहून जास्त म्हणजे लाज होती. ती लाज गप्प बसून दुप्पट होते, हे तेव्हा कळत नव्हतं.

"सुंदर आहे," सर म्हणाले. कागदांची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि शिकवायला लागले. पुन्हा तो विषय काढला नाही. जाधवांकडेही नंतर ते फिरकले नाहीत. बारा सेट विकत घेऊन पुसट होण्याची वाट बघण्यात अर्थ होता; आता काय वाट बघणार?

मला अठ्ठावन्न टक्के पडले. त्या वाक्यासकट.

सत्त्याण्णव साली मला नांदगावच्या कॉलेजात नोकरी लागली, तीही तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितकंच पोट. एका उन्हाळ्यात पेपर तपासायला विद्यापीठात गेले तर टेबलाच्या त्या बाजूला सर. केस पिकलेले, लवंग तीच. "या खैरनार," म्हणून त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. मला वाटलं जमीन दुभंगावी, पण दुभंगली नाही, आणि नेमका पेपर कादंबरीचाच निघाला.

तीन दिवस आम्ही शेजारी बसून तपासत होतो. दर दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरपत्रिकेत ते वाक्य यायचं. कुठे गिचमिड अक्षरात, कुठे निम्मं चुकलेलं, पण यायचंच, आणि बऱ्याच जणांनी खाली रेघही मारलेली असायची. माझी रेघ! ते वाक्य आलं की सर लाल पेन खाली ठेवायचे, खिशातून पेन्सिल काढायचे आणि समासात बारीक मराठीत लिहायचे, 'कोण म्हणतं?' मग पुन्हा लाल पेन उचलून पूर्ण मार्क द्यायचे.

मॉडरेटर बाई करारी होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गठ्ठा आणून टेबलावर आपटला. "कर्डिले सर, हे काय? उत्तरपत्रिकेत शेरे लिहायचे नसतात. आणि चूक आहे म्हणता तर मार्क कसे दिलेत?"

"मुलांची काय चूक, बाई?" सर म्हणाले. "त्यांना कुणीतरी सांगितलं, त्यांनी लिहिलं."

"पण तुमचा शेरा वाचणार कोण? उत्तरपत्रिका काही परत जात नाहीत मुलांकडे."

"हो, ते आहेच," सर म्हणाले आणि खोडरबर काढून एकेक शेरा खोडायला लागले. मी मदत करते म्हटलं. दोघांनी मिळून दुपारभर खोडलं. त्या रबराच्या चुऱ्याकडे बघत मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भलतंच काहीतरी बोलले. एकदा तर मी त्यांना कँटीनमध्ये आज काय आहे ते विचारलं.

नांदगावला मी स्टेशनजवळच राहायचे. मार्गशीर्षात, भात झोडून झालं की सर गाडीनं नांदगावला उतरतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. खांद्यावर तांदळाची पिशवी, कापडी, तोंड सुतळीनं शिवलेलं. "आक्काकडे चाललोय," म्हणायचे आणि खेड्यावर जाणारी जीप पकडायचे. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ताराक्का. मी तिला कधी पाहिलं नाही. भाताच्या मुलखातली बाई बाजरीच्या मुलखात दिली, तर भाऊ दर वर्षी तांदूळ आणून देतो, यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. चांगला भाऊ आहे, एवढंच.

दोन हजार एक साली परतीची गाडी दोन तास लेट होती. मी घरून चहाचा थर्मास घेऊन प्लॅटफॉर्मवर गेले. सर बाकड्यावर एकटेच बसले होते, चपला काढून. चहा ओतला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कशा आहेत आक्का?"

"चांगलीय. भात केला, वाढला. मी जेवताना बसून राहिली समोर." मग कप बाकड्यावर ठेवून म्हणाले, "तिला मीच सोडून आलो होतो हो इथे."

"लग्नानंतर?"

"दुसऱ्यांदा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आली निघून घोटीला, पत्र्याची पेटी घेऊन. पाठीवर वळ होते. परत जाणार नाही म्हणाली. घरात म्हणाले, हा शिकलेला आहे, हा समजावेल. आणि मी समजावलं. काय काय बोललो! एम.ए. झालेलो मी, मला काय बोलायला येत नव्हतं? तिलाच पटवून दिलं की चूक तिची आहे. ह्याच गाडीनं आणून सोडलं. वाटेत एकच बोलली, 'भाऊ, येत जाशील ना रे अधूनमधून?'"



"आणि सोमवारी वर्गात गेलो," सर म्हणाले, "तर ती कादंबरी. आता वर्गापुढे काय सांगू? ती बाई बरोबर म्हटलं तर मी कोण ठरतो? म्हणून ते वाक्य सांगितलं. जोरात सांगितलं. पोरं लिहून घेत होती आणि मला बरं वाटत होतं." त्यांनी चहा संपवला. "तीस वर्षं झाली. आक्काला तोंडानं म्हणायला गेलो, चुकलं माझं, तर ती म्हणते, काय चुकलं? तांदूळ चांगला तर आहे. तिला इंग्रजी येत नाही हे बरंय. ती आहे तोवर ते वाक्य कुठून तरी काढून टाकावं असं वाटतं. दुसरं काय आहे माझ्या हातात?"

मग त्यांनी खांद्याच्या शबनम पिशवीतून कागद काढले. नऊ पानं, त्यांच्या बारक्या तिरक्या अक्षरात. त्या बाईबद्दल नव्यानं लिहिलेलं.

"हे माझं अक्षर कुणी वाचत नाही. कुंदा, तुझं अक्षर छान आहे. एकदा लिहून दे. जाधवांकडे ठेवू, तुझ्या नांदगावात ठेवू. जुन्याच्या जागी नवं गेलं की झालं."

सर मला कधी कुंदा म्हणाले नव्हते, कधी तू म्हणाले नव्हते. "सर, तुम्हाला... कधीपासून माहीत होतं?"

"अगं, दोन वर्षं दर आठवड्याला तुझ्या ट्युटोरिअल तपासल्या मी. आणि अक्षर ओळखणार नाही?" ते हसले. "तू मुद्दाम थोडंच केलंस. तुला पास व्हायचं होतं. होतं असं पोरांकडून."

गाडी आली. मी म्हटलं, "सर, आठ दिवसांत लिहिते." ते दारातून म्हणाले, "घाई नाही."

आता इथे मला थांबावंसं वाटतं. पण सांगायला बसलेय तर सांगते. आठ दिवसांत मी लिहिलं नाही. मुलगा लहान होता, नेट-सेटची परीक्षा डोक्यावर होती, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि यातलं एकही कारण नव्हे. बत्तीस पानं मी सहा दिवसांत लिहिली होती, चकल्या खात खात. नऊ पानांना किती वेळ लागतो? खरं कारण असं की आमच्या कॉलेजात नुकतंच एम.ए. सुरू झालं होतं, निकाल चांगला लागला तर मला कायम करणार होते, आणि सरांच्या नऊ पानांवर मार्क मिळतील का हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी सर रिटायर झाले. आता तर पूर्ण मार्क देणारं ते पेन्सिलवालं माणूसही टेबलावर नव्हतं.

एकदा प्रयत्न केला. वर्गात नऊतली दोन पानं समजावून सांगितली. मुलं ऐकत होती, खरंच ऐकत होती. मनमाडहून येणारी एक मुलगी तर पेन खाली ठेवून बघत राहिली माझ्याकडे. आणि तिनंच हात वर केला. "मॅडम, हे लिहिलं तर चालेल का परीक्षेत?"

मी म्हटलं, "समजून हे घ्या. लिहायचं ते जुनंच लिहा."

सरांची भेट झाली की मी आधीच सांगून मोकळी व्हायचे, "सर, चाललंय, निम्मं झालंय." ते मान हलवायचे. तगादा लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एकदा जरी रागानं विचारलं असतं तरी मी रात्रीचा दिवस करून लिहिलं असतं. बघा, अजूनही मी त्यांच्यावरच ढकलतेय.

दोन हजार चार सालचा मार्गशीर्ष. एप्रिलची परीक्षा जवळ येत चाललेली, पोर्शन राहिलेला, मी सकाळच्या तासाला डिक्टेशन देत होते. हातात माझ्याच अक्षरातली ती जुनी प्रत, झेरॉक्स होऊन होऊन तीही आता जरा पुसट झालेली. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर, दार व्हरांड्यात उघडं. मी पानाच्या शेवटाला आले आणि वाचायला लागले, "तिच्या नाशाला दुसरं कुणी नाही..." सावकाश, दोन-दोनदा, मुलांना लिहून घेता यावं म्हणून. मान वर केली तर व्हरांड्यात सर उभे. खांद्यावर तांदळाची पिशवी. पायांत चपला नव्हत्या, दाराशी काढून ठेवल्या होत्या.

माझा आवाज बंद झाला. सरांनी हात वर केला, चालू द्या अशा अर्थानं.

"मॅडम," ती मनमाडची मुलगी पेन उचलून म्हणाली, "दुसरं कुणी नाही... पुढे?"

हातातली प्रत मिटता आली असती. बाहेर जाता आलं असतं. सर, या आत, तुम्हीच सांगा, असं म्हणता आलं असतं, आणि बावीस मुलांनी त्यांच्या तोंडून ऐकलं असतं. एवढं सगळं मला आज सुचतं. तेव्हा बावीस पेनं वर उचललेली होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मी पुढचं सांगितलं. दोनदा सांगितलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा दारात चपला नव्हत्या. थोड्या वेळानं खिडकीतून खाली बघितलं तर सर फाटकाकडे चालले होते, खांदा रिकामा, काखेत कापडी पिशवीची घडी. मान खाली घालून, बांधावरून चालावं तसे जपून पावलं टाकत होते.

तास संपल्यावर शिपाई एकनाथ दारात आला. त्याच्या हातात स्टाफरूममधलं पिंप होतं, तांदळानं भरलेलं.

"मॅडम, ते सर थांबले नाय. चहा घ्या म्हन्लं तर गाडी हाय म्हन्ले. तांदूळ ओतून दिला ह्याच्यात, तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? आक्काकडे गेले नाहीत?"

"बहीन वारली म्हन्ले दिवाळीत. सवयीनं घिऊन उतरलो म्हन्ले टेशनावर, मग ध्यानात आलं."

मी पिंपाकडे बघत राहिले. "आणखी काही म्हणाले?"

"हां. म्हन्ले, मॅडमचं अक्षर तर चांगलं व्हतंच, आवाजबी लय खणखणीत हाय. पार व्हरांड्यात ऐकू येतोय."

त्यानंतर सर मला दिसले नाहीत. पुढच्याच वर्षी गेले. ती नऊ पानं माझ्या कपाटात आहेत, कायमच्या नोकरीच्या ऑर्डरसोबत एकाच फाइलमध्ये. इतक्या वर्षांत एकनाथचं ते वाक्य मी किती वेळा उलटसुलट करून पाहिलं असेल. त्यात टोमणा सापडला असता तर बरं झालं असतं, निदान रडून मोकळी झाले असते. पण सरांना टोमणा मारता यायचाच नाही. त्यांना माझा आवाज खरोखरच आवडला असणार.